डोळे तपासायला पहिल्यांदाच जाताय?

चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि डोळे तपासणं वेगळं, हे आधी मनात पक्कं करा. ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारा प्रशिक्षित माणूस) निवडताना फोनवरच विचारा: डोळ्यांचा दाब मोजता का? थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बघता का? काचबिंदू, म्हणजे डोळ्यामागची नस खराब होत जाणारा आजार, बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही; नजर कडेकडेने जाते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. डोळ्यांचा दाब साधारण १० ते २१ (मिमी पारा) असतो, पण तेवढा असूनही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून मागची नस नीट बघणारा माणूसच हवा. माझी पहिली तपासणी नुसती तक्ता वाचून पाच मिनिटांत उरकली होती. पुढच्या ठिकाणी यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून एकेक डोळा निवांत पाहिला, तेव्हा फरक कळला.

थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. गाडी स्वतः चालवू नका. जुना चष्मा आणि औषधांची यादी सोबत घ्या. मधुमेह असेल तर आधी सांगाच.

आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, डोळ्यांसमोर तरंगणारे ठिपके वाढले किंवा नजरेवर पडदा आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.