अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करायला जॉर्ज मेसनने नकार का दिला?

मेसन हा ती घटना तयार करणाऱ्या सभेतला व्हर्जिनिया राज्याचा प्रतिनिधी. मुख्य कारण म्हणजे त्या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादीच नव्हती. व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १७७६ मध्ये याच माणसाने लिहिला होता, मग त्याला हे कसं पटणार? केंद्र सरकार एवढं पॉवरफुल केलं तर राज्यं नावालाच उरतील अशी त्याला भीती होती, आणि ३१ ऑगस्ट १७८७ ला तर तो भर सभेत म्हणाला की यावर सही करण्यापेक्षा मी उजवा हात तोडून घेईन. आक्षेप त्याने मसुद्याच्या छापील कागदामागेच लिहून काढले. जॉर्ज वॉशिंग्टनशी जुनी दोस्ती होती तीही यात तुटली, पण गडी हटला नाही. मला हे फार मोठं वाटतं, मात्र गुलामांच्या व्यापाराला शिव्या घालणाऱ्या मेसनच्या स्वतःच्या शेतावर गुलाम होते हेही खरंय. १७९१ मध्ये हक्कांच्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या, पुढच्याच वर्षी तो गेला.