वीर कुणाच्या घरचा?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मानवशास्त्र शिकून संग्रहालयात आदिवासी आणि लोककलेचं काम करायचं म्हणतेस, त्याचा मला मनापासून आनंद झाला. घरचे पगाराचं विचारतात असं लिहिलंयस, म्हणून ते आधी सांगतो. सरकारी संग्रहालयांत अभिरक्षक, सहायक अभिरक्षक ही पदं मोजकी असतात आणि जाहिरातीची वाट बघावी लागते. सुरुवातीची काही वर्षं कंत्राटावर, प्रकल्पावर काढायची तयारी ठेव. मानवशास्त्र पुणे विद्यापीठात आहे. संग्रहालयशास्त्र बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून शिकवतात. घरी एवढं सांग. मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

या आठवड्यात आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा आणि ब्रह्मपुरीला सापडलेल्या पोसायडनसमोर थोडा वेळ उभी राहा. ग्रीकांचा हा समुद्रदेव पश्चिमेकडच्या व्यापाराबरोबर पंचगंगेच्या काठी पोचला. त्याला पुजणारे कधीच संपले. पाटीवर आपण काय लिहितो, याचा जाब विचारायला त्याचं कुणी येणार नाही. तुझ्या हाती येतील त्या वस्तूंची माणसं मात्र हयात असतील, आणि बहुतेक एसटीच्या अंतरावर राहत असतील.

हे मला फार उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला एका संग्रहालयासाठी आम्ही गुजरीतल्या एका सराफाकडून चांदीचे जुने टाक घेतले. टाक म्हणजे देवघरात पुजायच्या, पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या आणि पूर्वजांच्या प्रतिमा. लोकांनी मोडीत घातलेले, वितळायच्या वाटेवरचे. ते वाचवले याचा मला अभिमान होता. त्यातल्या एका घोडेस्वाराखाली मी ‘अश्वारूढ खंडोबा’ असं लिहिलं, उंची आणि वजन टाकलं आणि कपाट बंद केलं. काही महिन्यांनी धनगर समाजातले एक म्हातारे आले. बराच वेळ काचेत बघत राहिले, मग मला म्हणाले, “सायेब, ह्यो खंडोबा न्हवं. म्हाळसा न्हाई, कुत्रं न्हाई. ह्यो वीर हाय कुणाच्या तरी घरातला. त्येच्या घरच्यास्नी ठावं हाय का, ह्यो हितं हाय म्हणून?”

वीर म्हणजे त्या घरचा गेलेला पूर्वज. मी कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांना देवाचं नाव देऊन काचेत ठेवलं होतं. सराफाला विचारायला गेलो, तर टाक कुठल्या गावचे हेही त्याच्या लक्षात नव्हतं. खरेदीच्या दिवशी विचारलं असतं, तर निदान गावाचं नाव तरी मिळालं असतं. दाखल नोंदवहीतला ‘कोणाकडून’ हा रकाना मी ‘खरेदी’ एवढं लिहून भरला होता. पाटी बदलली, पण तो रकाना आजही तसाच आहे आणि मला त्याची टोचणी आहे.

टाक झिजला की आपल्याकडे तो नदीत सोडतात आणि नवा करून घेतात. म्हणजे त्यालाही आयुष्य असतं, आणि ते किती हे घर ठरवतं. अमेरिकेतल्या झुनी या आदिवासी लोकांचे आहायुदा नावाचे लाकडी युद्धदेव असेच. ते उघड्यावरच्या ठाण्यात ठेवायचे, ऊनपावसात झिजू द्यायचे, मातीला मिळू द्यायचे, ही त्यांची रीत. संग्रहालयांनी ते नेऊन जपले. झुनींच्या लेखी त्यांचं ते झिजणंच अडलं होतं. १९७८ पासून ते आपले देव परत मागू लागले आणि अनेक संग्रहालयांनी ते दिलेही. तिथं १९९० साली अशा वस्तू परत करण्याचा कायदा झाला, आणि २०२४ च्या नव्या नियमांनुसार संबंधित समाजाची संमती घेतल्याशिवाय त्या मांडता येत नाहीत. तिथल्याच हॉपी या आदिवासी समाजाला त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळाल्या, तर त्यांवर आर्सेनिक सापडलं. कीड लागू नये म्हणून पूर्वी संग्रहालयांत ते मारत असत. ज्या वस्तू अंगावर घालायच्या, त्यांवर विष. जुन्या संग्रहाला हात लावताना हातमोजे घाल, तेव्हा हेही आठव.

वारली चित्रांचं बघ. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी तांदळाच्या पिठानं लिहायच्या, आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बायका, गाणी म्हणून लग्न लावायच्या. १९७० च्या दशकात चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा मशे जगभर पोचले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान योग्यच होता. पण भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठल्या नोंदवहीत आहेत? तुझ्या पाटीवर ‘अज्ञात कलाकार’ लिहायची वेळ आली, तर आधी पाड्यावर जाऊन ये. बऱ्याचदा ते नाव कुणी विचारलेलंच नसतं.

आणि पिंगुळीला जा. कुडाळजवळ आहे, आपल्याकडून घाट उतरलं की आलंच. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी बघ. चित्रांची पोथी असते, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, हुडूक हे छोटं तालवाद्य आणि टाळ यांच्या साथीनं कथा सांगत एकेक पान उलटायचं. असं पान आपण चौकटीत घालून भिंतीला लावतो, तेव्हा दुसरं चित्र कायमचं भिंतीकडे तोंड करून राहतं. गाणं तर दाराबाहेरच थांबतं. याला काय करावं, हे मला पूर्ण सुटलेलं नाही. दोन्ही बाजूंनी दिसेल अशी मांडणी करता येते, आवाज ध्वनिमुद्रित करता येतो. पण कुठली कथा कुणापुढे, कधी सांगायची, हे सांगणाऱ्याला विचारूनच ठरव. मांडणीच्या पहिल्या बैठकीला त्यांना बोलाव, आणि त्यांचा प्रवासखर्च व मानधन अंदाजपत्रकात आधीच धर. उद्घाटनाला फक्त नारळ आणि शाल द्यायला बोलावू नकोस.

बाकी कसर, वाळवी, आपल्या पावसाळ्यातली बुरशी, चामड्याच्या बाहुल्यांना लागणारी ओल, हे सगळं कामात शिकशील. त्याची भीती बाळगू नकोस.

पाऊस सुरू व्हायच्या आत सवड काढ. मी पिंगुळीला जाणार आहे, बरोबर चल. त्याआधी एक काम कर. तुझ्या आजीच्या देवघरातले टाक बघ, प्रत्येक टाक कुणाचा ते तिला विचार, आणि ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, वहीत उतरव. ती वही घेऊन ये.

तुझा,
काका