तीन महिन्यांचं पिल्लू सारखं चावतं आणि दिसेल ते कुरतडतं, काय करू?

पिल्लू हातापायांना चावतं, चपला आणि सोफ्याचे कोपरे कुरतडतं आणि ओरडलं की जास्तच चेकाळतं, असं तुम्ही लिहिलंय. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची आहे. तुम्ही रागावताय हे त्याच्या गावीही नाही. तुम्ही किंचाळता, हात झटकता, पाय वर घेता, म्हणजे त्याच्या हिशेबाने खेळायला गडी मिळाला! तेव्हा त्याला शिक्षा काय करायची हा विचार सोडा आणि चावण्यातली मजा काढून घ्या. आमच्या घरी वाढलेल्या कुत्र्यांवरून सांगतो, बाकी बरंचसं यातच येतं.

दात लागला की हात ओढू नका, जागच्या जागी ढिला सोडा. ओढलात तर ते टोकदार दात ओरखडा काढतातच, शिवाय पळणारी वस्तू पकडायची त्याची उपजत खोड जागी होते. त्याने हात सोडला की काही न बोलता उठा, पाठ फिरवा. पायाला लोंबकळत आलं तर सरळ खोलीबाहेर जा आणि दार लावून घ्या. वीस-तीस सेकंद पुरतात. पाच मिनिटांनी परतलात तर आपण का गेलो होतो हे त्याला आठवणारही नाही आणि तोवर त्याने सोफा गाठलेला असेल. परत आल्यावर खेळ पुन्हा सुरू करा, पण आता तुमच्या हातात दोरीचं लांब खेळणं असू द्या, म्हणजे दातांना हाताऐवजी दुसरं काहीतरी मिळेल. सुरुवातीला फक्त जोरात चावल्यावर उठा. जोर कमी झाला की मग हलक्या चाव्यालाही हाच नियम लावा. भावंडांत खेळताना पिल्लं चाव्याचा जोर असाच आवरायला शिकतात: फार लागलं की समोरचं पिल्लू खेळ सोडून निघून जातं. ‘तुम्हीही पिल्लासारखं केकाटा’ असा सल्ला मिळेल. काही पिल्लं त्याने दचकून थांबतात, पण तुमचं आवाजाने आणखी पेटतंय, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

घरातल्या सगळ्यांनी मात्र हे पाळायला हवं. प्रत्येक घरात एकजण असतो ज्याला कुत्र्याशी हातानेच मस्ती करायची असते. आधी त्याला शिकवा, पिल्लाला नंतर.

संध्याकाळी अंगात आल्यासारखं धावतं, पँटचा पाय धरून ओढतं, डोळे मोठे होतात, काही केल्या ऐकत नाही, असं होत असेल तर ते बहुधा झोपेला आलेलं असतं. या वयाची पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात आणि झोप अपुरी पडली की लहान मुलासारखी किरकिर न करता चावत सुटतात. अशा वेळी आणखी दमवायला जाऊ नका. शू करवून आणा, शांत कोपऱ्यात त्याच्या अंथरुणावर न्या, चघळायला काही द्या. थोड्या वेळात आडवं होईल.

कुरतडणं पूर्ण बंद होणार नाही, आणि ते करायचंही नाही. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. ते साधारण तीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. म्हणजे हिरड्या शिवशिवायचा काळ आता कुठे सुरू होतोय. चपला कपाटात ठेवा, वायरी उचला (हे आजच, शॉकचा प्रश्न आहे), लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा कुंपण घातलेल्या जागेत ठेवा. रबराची खेळणी द्या, पण सगळी एकदम नको, आलटून पालटून. ओल्या फडक्याला पीळ घालून ते फ्रीजरमध्ये गोठवलं की हिरड्यांना छान आराम पडतो, फक्त ते चघळताना समोर बसा, तुकडे गिळायला नकोत. खेळण्यात नख रुतत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांच्या चिरफळ्या होतात. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी-नवी हा भेद त्याला कळत नाही.

चप्पल तोंडात धरून, पुढचे पाय वाकवून, बूड वर करून तुमच्याकडे बघत उभं राहिलं तर त्याला पकडापकडी हवी आहे. मागे धावू नका. खाऊ दाखवा, चप्पल सुटली की खाऊ द्या आणि ती निवांत उचलून ठेवा. दरवेळी हिसकावून घेतलीत तर सापडलेली वस्तू ते लपवायला किंवा घाईने गिळायला शिकतं.

मारणं, तोंड दाबून धरणं, घशात बोट घालणं यातलं काहीही करू नका. हाताची भीती बसलेलं कुत्रं पुढे खरंच चावू शकतं.

खेळातल्या चाव्याची काळजी नको. पण ताटलीजवळ गेल्यावर अंग ताठ करून, नजर रोखून गुरगुरत असेल तर पशुवैद्याला दाखवा. आणि दात लागून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पिल्लाची रेबीजची लस झाली आहे की नाही हेही त्यांना सांगा.