तुला न भेटलेली माणसं

अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आल्याचं वाचून फार आनंद झाला. ट्री, ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग अशी कोडिंगच्या प्रश्नांच्या तयारीची यादी तू कळवली आहेस. ते सगळं करच. पण त्यात बोलण्याचा सराव कुठे दिसला नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

अशा कंपन्यांत तुझ्याबद्दलचा निर्णय बऱ्याचदा तुला न भेटलेली माणसं घेतात. गूगलमध्ये मुलाखत घेणारा आपलं टिपण लिहून देतो आणि हायरिंग कमिटी, म्हणजे निवड ठरवणारी समिती, ती टिपणं वाचते. अ‍ॅमेझॉनमध्ये 'बार रेझर' असतो, म्हणजे निवडीची पातळी खाली येऊ नये हे पाहणारा मुलाखतकार, तो मुद्दाम दुसऱ्या टीममधला, जागा भरायची घाई नसलेला. तो तुला भेटतो, पण नंतरच्या चर्चेत बाकीच्यांनी लिहिलेलंही त्याच्यासमोर असतं. म्हणजे मुलाखतीच्या पाऊण तासात जे तू मनातल्या मनात केलंस, ते कुठेच पोहोचत नाही.

म्हणून प्रश्न ऐकल्याऐकल्या कोड लिहायला घेऊ नकोस. इनपुट किती मोठं असेल, रिकामं येऊ शकतं का, तेच आकडे पुन्हा येतील का, हे विचारून घे. मग साधा उपाय सांग: 'एन आकडे असतील आणि दोन लूप लावले तर एनच्या वर्गाइतका वेळ जाईल, पाहिलेले आकडे हॅशमॅपमध्ये, म्हणजे झटकन शोधता येणाऱ्या नोंदीत, ठेवले तर एकाच फेरीत होईल, पण मेमरी जास्त लागेल.' हे वाक्य जसंच्या तसं टिपणात उतरतं. अडलं तर कुठे अडलं ते सांग, आणि हिंट मिळाली तर ती घे. हिंट घेण्यात कमीपणा नाही. सोबत काम करताना तू कसा वागशील, हेच त्यातून दिसतं. जुन्या प्रोजेक्टबद्दल विचारलं की 'आम्ही केलं' एवढ्यावर थांबू नकोस, तुझा वाटा नेमका सांग.

डोक्याला ताण देणाऱ्या कोड्यांची पुस्तकं मात्र बाजूला ठेव. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगितलं होतं की, असले प्रश्न म्हणजे वेळेचा अपव्यय.

नोकरी लागली तरी हे संपत नाही. काय आणि कसं बांधायचं ते मांडणारं डिझाइन डॉक, एकमेकांचा कोड तपासताना म्हणजे कोड रिव्ह्यूमध्ये लिहिलेल्या कॉमेंट, सिस्टीम बंद पडल्यावर काय चुकलं ते सांगणारा पोस्टमॉर्टेम, बढतीची कागदपत्रं, सगळीकडे कुणीतरी अनोळखी माणूस तुझं लिहिलेलं वाचणार. अ‍ॅमेझॉनमध्ये तर अनेक मीटिंगा सहा पानांपर्यंतचा मजकूर शांतपणे वाचून सुरू होतात. पहिले काही महिने इतरांचा कोड आणि जुनी डॉक वाचण्यात घालव. एखादा निर्णय तसाच का घेतला गेला, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आणखी एक, जरा कटू आहे. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे १२,००० जणांना कमी केल्याचं जाहीर केलं. अशा कपातीत उत्तम काम करणारेही जातात. त्यामुळे तू काय केलंस आणि त्याने काय बदललं, याची नोंद दर महिन्याला करत जा. कंपनीची गोपनीय माहिती वगळून, स्वतःच्या शब्दांत.

या शनिवारी फोन कर. मी प्रश्न विचारीन, तू मोठ्याने विचार करत सोडव. मी टिपण लिहीन आणि नंतर ते तुला वाचायला देईन.