मास्क घातला म्हणजे झालं, असं नाही

टाकीत उतरायच्या कामावर नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो. फिल्टरवाला मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली गेला की मास्कचं कार्ट्रिज, म्हणजे गाळणीची डबी, कितीही महागाचं असो, त्यावर विसंबायचं नाही. टाकीत नायट्रोजन असेल तर वास नाही, ठसका नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस एक-दोन श्वासांत कोसळू शकतो. म्हणून उतरण्याआधी ऑक्सिजन मोजायचा मीटर लावायचा; वर, मध्ये आणि तळाशी.

एअरलाइन मास्क, म्हणजे बाहेरून पाइपने हवा येणारा, जीव वाचवतो खरा, पण तो लावूनही माणसं मेलीत. पाइप श्वासाच्या हवेऐवजी नायट्रोजनच्या लाइनला जोडला गेला, कारण दोन्हीकडचं कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, सारखंच. साइटवर असं दिसलं तर काम थांबव, सुपरवायझर कुरकुरला तरी. नुसत्या लेबलवर जाऊ नकोस. पाइप हातात धरून पार उगमापर्यंत चालत जा. मास्कला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा डिझेल इंजिनाच्या धुराजवळ नाही ना, तेही बघ. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड थेट मास्कमध्ये.

दाढीचं तुला सांगितलंच असेल. नुसते खुंट वाढले तरी मास्कचं चेहऱ्याशी बसलेलं सील गळतं.

आणि आत कुणी पडलेला दिसला तर मागोमाग उतरू नकोस. वाचवायला गेलेले कितीतरी जण असेच गेलेत. आरडाओरडा कर, त्याच्या हार्नेसची, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांची, दोरी बाहेर असेल तर विंचने, म्हणजे दोरी गुंडाळायच्या यंत्राने, ओढ. आत जायचंच तर पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला, सराव केलेला माणूस जाईल.