‘जिंकलात!’ लिहिण्याआधी हिशेब करा

ब्रिटनच्या बेटिंग ॲपमधली बटणं आणि संदेश लिहायला बसताय ना, मग आधी पैशाचे शब्द पक्के करा. १ पौंड लावला, ४० पेन्स परत आले, तिथे ‘जिंकलात!’ लिहू नका. माणसाचे ६० पेन्स गेलेत, तेच लिहा. ऑनलाइन स्लॉट खेळांत, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायच्या खेळांत, अशा तोट्याचा जल्लोष करायला तिथे २०२१ पासून बंदीच आहे.

‘पैसे काढा’ हे बटण ‘पैसे भरा’इतकंच ठळक हवं. सुरुवातीला एका ॲपसाठी मी ‘थांबायचंय? खरंच?’ असं लिहिलं होतं, ते आजही सलतं. थांबणाऱ्याला अडवू नका. ‘तुमचं खातं ६ महिने बंद राहील’, एवढंच सरळ सांगा.

आणि भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. इथल्या ग्राहकांसाठी असं काम आलं तर घेऊच नका.