‘सेंटेन्सिंग पॉलिसी’ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न : वाचनालयातल्या परिसंवादासाठी ‘सेंटेन्सिंग पॉलिसीतील सुधारणांचे अग्रक्रम’ या विषयावर मराठीत टिपण लिहायचे आहे. ‘शिक्षा धोरण’ म्हणावे की ‘शिक्षासुधारणा’?

‘शिक्षासुधारणा’ नकोच. सुधारगृह, सुधारात्मक शिक्षा हे शब्द कानात बसलेले असल्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की कैद्याला सुधारण्याबद्दल काही लिहिले आहे. ‘शिक्षा धोरण’ शीर्षकाला चालेल, पण आत तेवढ्यावर भागणार नाही. कायद्यात छापलेली ती शिक्षा, न्यायाधीशांनी दिलेली ती शिक्षा आणि कोलवाळच्या तुरुंगात प्रत्यक्ष भोगलेली तीही शिक्षाच. तिन्हींचे धनी मात्र वेगळे आहेत. अग्रक्रम लावायचे तर कोणती मागणी कोणाच्या दारात न्यायची हे आधी कळायला हवे. म्हणून टिपणात तीन शब्द वेगळे ठेवा : विहित शिक्षा, शिक्षानिश्चिती आणि शिक्षेची अंमलबजावणी. ‘सेंटेन्सिंग’चा गाभा मधल्या शब्दात आहे. न्यायालयाच्या लेखी आदेशाला कायद्याच्या मराठीत ‘शिक्षादेश’ म्हणतात, तो शब्द धोरणासाठी वापरू नका.

‘सुनावणे’ या क्रियापदाशी जपून. ‘शिक्षेची सुनावणी झाली’ म्हणजे शिक्षा सुनावली की शिक्षेबाबत म्हणणे ऐकले? सत्र खटल्यात आरोपी दोषी ठरला की शिक्षा किती असावी यावर त्याचे म्हणणे ऐकावे लागते. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. या टप्प्याला ‘शिक्षेबाबतचा युक्तिवाद’ म्हणा, घोटाळा टळेल. खरी दुखरी जागाही हीच. वय, आधीचे गुन्हे, घरची परिस्थिती, नुकसानभरपाई हे सगळे इथे मांडायचे असते, आणि कित्येकदा ते चार वाक्यांत उरकते. कशाला किती वजन द्यायचे याची देशभर लागू असलेली सूत्रेही नाहीत. अशी सूत्रे ठरवण्यासाठी वैधानिक समिती नेमावी, असे फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये सुचवले होते. माझ्या मते तुमच्या यादीत ‘शिक्षानिश्चितीची सूत्रे’ सर्वांत वर हवीत.

विहित शिक्षेबद्दल लिहिताना ‘कमाल’ आणि ‘किमान’ गाळू नका. ‘दहा वर्षांची शिक्षा आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. गोव्यातल्या वाचकाला अमली पदार्थांचे उदाहरण चटकन पटेल. चरस १०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, एक किलोच्या वर गेला तर व्यावसायिक प्रमाण. मधल्या पट्ट्यात कमाल दहा वर्षे आणि किमान काही नाही. किलोचा काटा ओलांडला की किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. म्हणजे ९९० ग्रॅमला न्यायाधीश दोन वर्षेही देऊ शकतात, १,०१० ग्रॅमला दहाच्या खाली येऊ शकत नाहीत. दहाच्या खालची शिक्षानिश्चिती तिथे उरतच नाही, ते काम तराजूच करतो. किमान शिक्षेची ही अट बदलायची असेल तर मागणी संसदेकडे जाते, न्यायालयाकडे नव्हे.

सगळ्यांत जास्त गफलत सूट, वजावट आणि माफी या तिघांत होते. निकालाआधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, ती वजावट. तो कैद्याचा हक्क आहे (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६८), त्यात कोणाची मेहेरबानी नाही. सरकार शिक्षेचा काही भाग भोगायला लावत नाही, ती सूट. तुरुंगात चांगल्या वागणुकीबद्दल मिळणाऱ्या दिवसांना कैदी ‘माफी’ म्हणतात, पण बातमीत ‘शिक्षा माफ’ लिहिले की राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी क्षमा केली असा अर्थ निघतो. फाशीची जन्मठेप होते तेव्हा शिक्षा ‘सौम्य’ केली जाते, माफ नव्हे. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्ही रजाच, सुटका नव्हे.

‘कम्युनिटी सर्व्हिस’साठी ‘समाजसेवा’ हा शब्द वर्तमानपत्रांतून दिसतो. तो टाळा, समाजसेवा माणूस आपखुशीने करतो. ‘सामुदायिक सेवा’ बरा. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तीत ही शिक्षा नव्याने आली. पाच हजारांखालची चोरी (पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी अशा मोजक्याच गुन्ह्यांना ती आहे. पण किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहितेत नाही. देखरेखीची सोय नसेल तर, जिथे दंडाचा पर्याय आहे तिथे, न्यायाधीश सरळ दंड करून मोकळे होणार, हे उघड आहे.

गोव्याच्या टिपणात एक खुलासा घाला. पोर्तुगीज काळातला नागरी कायदा इथे अजून चालतो म्हणून फौजदारीही तसाच असेल असे काहींना वाटते. तसे नाही. फौजदारी कायदा केंद्राचाच लागू आहे. मात्र तुरुंग हा राज्य सूचीतला विषय आहे. रजेचे नियम, शिक्षेतील सूट, सामुदायिक सेवेची प्रत्यक्ष व्यवस्था हे पर्वरीत, म्हणजे राज्य सरकारकडे, मागता येते, किमान शिक्षेतला बदल नाही. तुमची यादी या रेषेवर दोन भागांत तोडा. कोकणी ‘ख्यास्त’ आणि ‘बंदखण’ बोलताना खुशाल वापरा, लेखी मराठीत मात्र शिक्षा आणि कारागृहच ठेवा.

‘प्राधान्य’ की ‘अग्रक्रम’? एकच बाब पुढे करायची असेल तर प्राधान्य, एकापुढे एक क्रमांक लावायचे असतील तर अग्रक्रम किंवा प्राधान्यक्रम. आणि ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ असे कुठे लिहिले असेल तर खोडा. जन्मठेप आयुष्यभराची असते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सूट द्यायची झाली तरी चौदा वर्षे प्रत्यक्ष कैद भोगल्याशिवाय सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा संबंध.